भरती-ओहोटीचं कोष्टक

तीस वर्षं फेरीबोटीवर काढली मी.
आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर नाही,
भरती-ओहोटीचं कोष्टक आहे:
वार्द्योच्या धक्क्याला किती वाजता किती पाणी.
त्याच्याच शेजारी टाचणीने लावलाय
ओद्नीच्या रक्ताचा कागद.

कॅल्शियम दोन पूर्णांक नऊ.
पॅराथायरॉइडचा हार्मोन एकोणीस.
क्वाम्मे डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलीने गळा काढला,
गळ्यात चार दाणे, तांदळाएवढे.
खालचा डावा मात्र फुगून घेवड्याच्या बीएवढा,
कुणी न सांगता हाडं उकरून
रक्तात चुना ओततोय.
म्हणजे घरातूनच आम्हाला चुना लागत होता
आणि आम्ही हवामानाला दोष देत होतो.

दोन हिवाळे ती बसल्या जागी पेंगायची,
विणताना टाके हरवायची,
मूतखड्याने रात्रभर भिंत धरून उभी असायची.
एकदा हेरिंग साफ करता करता रडली, कारण नव्हतं.
मी म्हणालो, वय झालं, ओद्नी.
वय नव्हतं ते.
दाणा होता.

ट्रॉम्सोला काढला.
काढल्यावर गळा लगेच शिवत नाहीत म्हणे.
दहा मिनिटं थांबतात,
रक्त घेतात,
पाणी उतरायची वाट बघतात.
उतरलं. एकोणिसाचं तीन.
एवढ्या वेगाची ओहोटी
मी उभ्या जन्मात पाहिली नाही.

दुसऱ्या रात्री तिच्या ओठांना मुंग्या आल्या,
मग बोटांच्या टोकांना.
मारित नावाची नर्स आली,
कानापुढे, गालावर, हलकेच टिचकी मारली,
तर ओठाचा कोपरा आपोआप उडाला,
मासा लागल्यावर दोरी उडते तसा.
हाडं भुकेली आहेत, मारित म्हणाली,
इतकी वर्षं लुटली गेली,
आता मिळेल ते ओढतायत.
ओद्नी गोळ्या चघळत होती.
खडू, ती म्हणाली. शाळेत चोरून खायचे तोच.

जानेवारीत नवा कागद.
कॅल्शियम दोन पूर्णांक तीन. ठीक.
हार्मोन अकरा.
अकरा?
चष्मा पुसून पुन्हा वाचलं, अकराच.
ओद्नी काही बोलली नाही,
व्रणावर तिने मफलर गुंडाळला.
बाहेर दुपारचे दोन वाजले होते आणि मिट्ट काळोख.

परत चिरायचं का, मी फोनवर विचारलं.
क्वाम्मेबाई म्हणाल्या, तिसरी ओळ वाचा.
तिसरी ओळ मी वाचलीच नव्हती.
ड जीवनसत्त्व, एकतीस.
कमी आहे, त्या म्हणाल्या.
हाडं रिकामी, पोटातून कॅल्शियम उचलायला हमाल नाहीत,
म्हणून राहिलेले तीन दाणे हाका मारतायत.
कॅल्शियम वर चढलंय का? नाही ना?
मग तो दरोडा नव्हे.
ओरडतो तो प्रत्येक जण चोर नसतो, आयलिफ.

तेव्हापासून सकाळी थेंब, आणि वर
चमचाभर कॉडच्या लिव्हरचं तेल.
ती डोळे मिटून गिळते, नाक मुरडते,
सात वर्षांची होते क्षणभर.
मीही एक चमचा घेतो. सोबत म्हणून.

मग एक दिवस सूर्य आला,
समोरच्या टेकडीवर, ताटाच्या काठाएवढा.
ओद्नी खिडकीशी गेली,
मफलर सोडला,
व्रण उन्हाकडे केला.
मला माहीत होतं, क्वाम्मेबाईंनी सांगितलेलं:
इतकं तिरपं ऊन कातडीला काही देत नाही,
एप्रिल उजाडेपर्यंत तरी नाहीच, आणि काचेआडून तर कधीच नाही.
बोलू की नको, असा उभा होतो.

माहितीये मला, ती मागे न बघता म्हणाली.
यात काही नाही.
आणि तिथेच उभी राहिली, ते ताट बुडेपर्यंत.

कागदावर पुढचा रकाना कोरा आहे. मार्चमध्ये भरेल.
मी चमचे धुवायला गेलो.
त्या तेलाचा वास
काही केल्या जात नाही.