खुराची माती

ताक्वारेम्बोच्या उत्तरेला, जुलैत,
गवतावरचं दहिवर गोठून कडक होतं तेव्हा
दोन्या मिल्कानं मला बोलावलं.
चाळीस कालवडींपैकी सव्वीस
कानांत, मानेवर, डोळ्यांच्या कडेला
चामखिळींनी भरलेल्या.
कुणाला मुगाएवढ्या, कुणाला वाटाण्यांची रांग,
एकीच्या गळ्याखाली तर फ्लॉवरचा अख्खा गड्डा,
चालताना हलणारा.

“सप्टेंबरात प्रदर्शन आहे,” ती म्हणाली,
“असल्या अंगानं फाटकातून आत घेत नाहीत.”

सिरियाको कुंपणाला टेकून
येर्बा मातेचा कडू चहा नळीनं ओढत होता.
वय विचारलं की तो घोड्यांची नावं सांगतो,
अगदी पहिल्यापासून.
कालवड ओल्या मातीतून पुढे गेली
तसा तो मागोमाग गेला, सुरी काढली,
तिच्या उजव्या मागच्या खुराचा ठसा
भाकरीसारखा कडेकडेनं सोडवला
आणि उलटा करून त्याच खळग्यात ठेवला.
ओठांत काही पुटपुटला.
“माती वाळेल तशी गळतील.”
“आणि पाऊस आला तर?”
“तर उशिरा गळतील.”

मी हसले नाही. मला माझं काम होतं.
चौघींच्या चामखिळी मुळाशी कापल्या,
बर्फात घालून गावात नेल्या,
खलात कुटल्या, मिठाच्या पाण्यात कालवल्या, गाळल्या,
आतला विषाणू फॉर्मॅलिननं मारला.
काट्यानं काटा काढायचा,
पण आधी काटा मेलेला हवा.

मानेच्या कातडीखाली दोनदा,
मध्ये तीन आठवडे.
एकतीस नंबरची दोन्ही वेळा
तार ओलांडून ओढ्यापलीकडे पळाली.
तिला माझी सुई लागली नाही,
आणि सिरियाकोची सुरीही नाही:
ओढ्यातल्या दगडांवर खूर उमटत नाही.

दुसऱ्या सुईच्या दिवशी
एकीचा कान मुठीत धरला
आणि सोडताच येईना.
सगळ्यात दाट चामखिळी
बिल्ल्याच्या भोकाभोवती होत्या,
गोल, कुणी दोरी धरून पेरल्यासारख्या.
दुसरीच्या कानातही. तिसरीच्याही.

बिल्ले एप्रिलात मारले होते.
मारणारी मी.
चाळीस कान, एकच चिमटा,
तेरोची जोडी डोक्यावर ओरडत होती, उजेड चालला होता,
आणि जंतुनाशकाची बादली
गाडीतच राहिली होती,
झाकणासकट.

हे दोन्या मिल्काला सांगायला
मला तीन पेले चहा लागला.
तिनं बिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
पेनाचं टोपण काढलं
आणि आकडा अर्धा केला.
मग म्हणाली, “कुंपणाची तारही बदलायला हवी.
मान घासतात ना तिथंच.”
तार मला सुचली नव्हती.

सप्टेंबरात चामखिळी काळ्या पडल्या, वाळल्या,
खाजवताना खांबाशी गळून पडल्या.
सगळ्या नाही. गड्डेवाली घरीच राहिली,
आणखी दोघीही.
आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी
ओढ्यापलीकडून एकतीस नंबरची आपसूक परत आली,
तिचा कान स्वच्छ,
तिची मान स्वच्छ.
सिरियाकोनं माझ्याकडे पाहिलं.
मी त्याच्याकडे.
दोघांनीही आपापलं श्रेय
हळूच खिशात परत ठेवलं.

नवीन वासरांचे बिल्ले आता मारतोय.
बादली सिरियाको धरतो.
एक कान झाला की चिमटा आत,
पुरता, मुठीपर्यंत.
किती वेळ ठेवायचा ते मी घड्याळ दाखवून सांगितलं होतं,
पण त्याला घड्याळ दिसत नाही.
तो घोडे मोजतो.
लुनारेहो, तोर्दिशो, मग ती लंगडी घोडी
जिचं नाव घेताना जरा थांबतो.
मी हात पुढे केला
की बादली मागे ओढतो:
“थांब, अजून सातवा आला नाही.”