शिसपेन्सिल

शिसपेन्सिलीत शिसं नसतं.
हे मी एझोआला सांगितलं तेव्हा
ती भट्टीसाठी नारळाच्या करवंट्या फोडत होती.
"मग नाव असं का?"
कुणीतरी चुकलं, म्हटलं. पुढं कुणी खोडलं नाही.
ती हसली. कोयता थांबला नाही.

तिच्या अंगणापासून चाळीस पावलांवर अंकोब्रा.
रंग चहाचा, दूध जास्त पडलेल्या.
वर, दोन वळणं ओलांडून,
जंगल सोललेल्या खड्ड्यांत पोरं सोनं धुतात:
पारा तळहातावर घोळवायचा, फडक्यातून पिळायचा,
उरलेलं पाणी नदीचं.
तिचा धाकटा, न्यामेके, त्यांच्यातलाच.
आमच्या निळ्या पिंपाचे पैसे त्यानंच दिले.
यावर घरात कुणी बोलत नाही.

करवंट्या जळाल्या, आम्लात मुरल्या,
अकरा वेळा धुतल्या गेल्या.
शेवटी हाती आला एक काळा पापुद्रा,
पेन्सिलीतल्याच काळ्याचा सख्खा भाऊ, ग्राफीन.
त्याचा एकेक थर असा
की त्याला आत असं काही नाहीच.
मांस नाही, हाड नाही, नुसती कातडी.
म्हणून जे येईल ते त्याला लागतं,
आणि लागलेलं तो सोडत नाही.

पिंपाची तोटी सोडली.
थेंब. बराच वेळ काही नाही. थेंब.
यंत्र म्हणालं, पारा सापडत नाही.

तिचे वडील, म्हातारे ब्ले, यंत्राशी बोलत नाहीत.
चाळीस वर्षं जाळी टाकली,
मग एके दिवशी होडी पालथी घातली
आणि तिच्यावर कसावा वाळत घालू लागले.
त्यांनी पेला उजेडात धरला.
मग कुठून तरी, कुठल्या ओढ्यातून कोण जाणे,
बोटाएवढा मासा आणला,
बरणीत आमचं पाणी भरलं, त्याला आत सोडलं
आणि रात्रभर कंदील घेऊन समोर बसले.

सकाळी मासा फिरत होता.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
ब्ले म्हणाले, "आता याला सोडू कुठं?"

बरणी अजून खिडकीत आहे.

शनिवारी न्यामेके येतो, नखांत लाल माती,
काही न विचारता चार पेले पितो,
पाचवा डोक्यावर ओततो.
एझोआ भांडं विसळत राहते.

आणि पापुद्रे भरतात.
गच्च झाले की काढावे लागतात, नवे घालावे लागतात.
जुने तिनं दूधपावडरच्या डब्यात ठेवलेत,
झाकण लावून, कोंबड्यांपासून उंच.
"हे टाकायचं कुठं?"
प्रयोगशाळेत यावर उत्तर आहे,
पण प्रयोगशाळा सहा तासांवर, आणि पूल वाहून गेलेला.
नदीत नाही, एवढं मी सांगू शकलो.
विहिरीजवळ नाही. चुलीत तर नाहीच नाही.

मग डबा पुसून घेतला,
झाकणावर चिकटपट्टी लावली, तीवर लिहिलं:
पारा. उघडू नये.
खाली तारीख.
शिसपेन्सिलीनंच लिहिलं.
दुसरं काही हाताशी नव्हतं.