कुठलीही काळी पट्टी

संध्याकाळी सहानंतर हे दार आपोआप लागतं.
मग कार्ड ओढायचं. दिवा हिरवा, कट्ट, आत.
डुलुथमधल्या निम्म्या बँकांची ही दारं मीच बसवलीत,
आणि एक गोष्ट कुणाला फारशी सांगत नाही:
हा जुना रीडर काहीच वाचत नाही.
पत नको, पत्ता नको,
मागे काळी पट्टी असली की त्याला पुरे.
वाचनालयाचं कार्ड चालतं. मोटेलची किल्ली चालते.
मेलेल्या माणसाचं कार्डही चालतं.

तक्रार एका नर्सची होती.
रात्री दोनला पाळी सुटली, चाळीस डॉलर हवे होते,
काचेतून पाहिलं तर जमिनीवर कुणीतरी आडवं.
ती गाडीत बसून राहिली, इंजिन चालू ठेवून,
आणि तशीच घरी गेली.
तिची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही.
माझीही मुलगी रात्रपाळी करते.

मी पोचलो तेव्हा उणे बावीस.
सरोवरावरचा वारा दाराच्या फटीत शीळ घालत होता,
बंदरातून लोहखनिजाचं एक उशिराचं जहाज भोंगा देत निघालं होतं.
आत लव्हॉन अंथरूण गुंडाळत होती,
घाई नाही, दुकान आवरावं तशी.
माझ्या हातातली पेटी पाहून तिला कळलं असावं.
"दार जरा उचलून घे," ती म्हणाली,
"थंडीत खालची बिजागरी बसते."
खरंच बसली होती.
बँकेच्या फाइलीत हे कुठेच नव्हतं.

अकराला बेकरीवाला हाल्व्हर्सन येतो
गल्ल्याची थैली रात्रपेटीत टाकायला.
तेव्हा ती उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहते,
त्याला पैसे मोजताना अवघडायला नको म्हणून.
तीनला हीटर बंद पडतो, वीसेक मिनिटं.
कुणी पावती विसरलं तर ती घडी घालून कचऱ्यात टाकते,
शिल्लक न वाचता.
"एकदा वाचली होती," ती म्हणाली,
"अकरा डॉलर. त्या माणसाचं मलाच रात्रभर लागून राहिलं."

नवा रीडर विचारतो.
बँक कुठली, खातं चालू आहे का, मुदत कधी संपते.
चाचणीत दहा परकी कार्डं नाकारली गेली
तरच काम पूर्ण धरतात.
मी पाकिटातलं एकेक काढत गेलो:
व्यायामशाळा, लाल. गाडीच्या तेलाचं दुकान, लाल.
बायकोच्या नावाचं, जे मी अजून टाकलेलं नाही, लाल.
नऊ झाली.
दहावं लव्हॉननं स्वतःहून पुढे केलं:
वाढदिवसाच्या केकचं चित्र असलेलं किराणा दुकानाचं भेटकार्ड,
भावानं दिलेलं,
तीन वर्षांपासून त्यात शून्य.
"हेही बघ."
लाल.

फॉर्मवर लिहिलं: दहापैकी दहा.
"काम चोख आहे तुझं," ती म्हणाली.
टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी तिला गाडीत बस म्हणालो. पहिल्या रस्त्यावरच्या निवाऱ्यापर्यंत सोडतो.
तिथे साडेनऊनंतर घेत नाहीत, ती म्हणाली,
त्यांचंही दार आपोआप लागतं.
मग निघाली. निघताना सवयीनं
दार थोडं वर उचललं.
बिजागरी मी नुकतीच नीट केली होती.
दार हलकं झालेलं,
तिचा हात उगाचच वर गेला.

जुना रीडर भंगारात द्यायचा असतो, सहीनिशी.
तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे.
परवा नऊ व्होल्टची बॅटरी लावून पाहिली,
मुलीचं वाचनालयाचं कार्ड ओढलं:
हिरवा.
बायकोचं ओढलं: हिरवा.
कट्ट ऐकू येईल म्हणून मी थांबलो.
मग आठवलं, कुलूप तिकडे राहिलं.