तंबू नंबर चार

जांबोटीच्या पुढं, रान दाट होतं तिथं,
ओढा अडवून केलेल्या तळ्यावर सात तंबू आहेत.
एका रात्रीचं भाडं मी घरात सांगितलेलं नाही.

आत पितळी कंदील, पांढरी मच्छरदाणी,
बाहेर गवा बघायला वेताची खुर्ची.
गवा काही खुर्ची बघून येत नाही.

चार नंबरला ऑस्ट्रेलियाची म्हातारी आली. एकटीच.
सफारीची जीप गेली, ही मागं राहिली
आणि चादरीचा काठ उलटून शिवण बघत बसली.
म्हटलं, आता तक्रार करणार.

मग अंतोन ड्रायव्हरनं सांगितलं,
तिकडं पाणथळीत, मगरींच्या मुलखात,
असल्याच तंबूंत तिनं तीस वर्षं गाद्या घातल्यात.
पाणी चढलं की सगळं उचलायचं,
उतरलं की परत ठोकायचं.
"आता एकदा पाहुणी हून झोपाय आलीया बग, यल्लू."

दुपारी मी चादर झटकताना
तिनं पलीकडची दोन टोकं धरली.
तिची भाषा मला येईना, माझी तिला.
ताण मात्र बरोबर बसला.
घडी, आणि एक घडी, मग दोन पावलं जवळ.

रात्री गवा तंबूमागून गेला. तिला जाग आली नाही.
सकाळी मी चिखलातला खूर दाखवला.
त्यात हळूहळू पाणी भरत होतं.
ती उकिडवी बसली. बराच वेळ.

ती गेल्यावर आत पाहिलं, तर अंथरूण लावलेलं.
कोपरे असे दुमडलेले, जसे मला कुणी शिकवले नव्हते.

दोन वाजता बेळगावची पार्टी येणार होती.
मी खाली बसून एक कोपरा सोडला,
बघून बघून परत घातला.
सुटला.
परत घातला.