हात न लावता

सोलापुरात एप्रिल म्हणजे
बारानंतर मांजरसुद्धा पत्र्यावरून जात नाही.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
तेही रात्री अडीचला.
म्हणून सरबताचं पाणी वेगळं,
दारामागच्या डेऱ्यात,
वर ओलं फडकं: कारखान्यातून आलेला टॉवेल,
किनार चुकली म्हणून किलोवर विकलेला.

सात वर्षांची होते तेव्हापासून
घरातलं सरबत मी करते.
अम्मा करत नाही.
अम्मा सांगते.

उंबऱ्याशी बसून, मांडीवर सूप,
सुपात तंबाखू, शेजारी ओल्या पानांची गड्डी,
बोटं चालू, मान खाली, आणि तोंडाने:
चिंच रात्री भिजवलीस का?
कोळ काढ. चोथा टाकू नको, कळशी घासायला होईल.
गूळ दुप्पट. काळा घे, पिवळा नुसताच गोड असतो.
सुंठ नखाएवढी.
मिरी पाच. सहाव्याला पाहुणा खोकतो.
लिंबू सगळ्यात शेवटी,
आणि बी पडलं तर बोट घालून काढू नको, चमच्याने काढ.

मी ढवळायची.
ती न बघता म्हणायची, अजून तळाशी बसलाय.
गूळ विरघळला नसला की
पातेलं मुकं वाजतं,
हे मला फार उशिरा कळलं.

तिने स्वतः एकदाच कालवलं होतं,
लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात.
मामंजींनी एक घोट घेतला,
पेला खाली ठेवला
आणि मागावर जाऊन बसले.
कुणी काही बोललं नाही.
तेव्हापासून.

दिवसाला हजार विड्या.
साबण, राख, लिंबाची सालं, रॉकेलसुद्धा,
काही केल्या बोटांचा वास गेला नाही.
वास राहिला, रेषा गेल्या.
रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला
की मशीन म्हणतं, पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवा.
ती पदराला पुसून पुन्हा ठेवते,
जणू चूक घामाची आहे.

मी मोठी झाले, सरबतही बदललं.
मेहरुन्निसाखालाच्या घरचा सब्जा आला,
त्या त्याला तुकमलंगा म्हणतात
आणि वाटीभर देताना ओंजळभर देतात.
कधी कैरी उकडून घातली, कधी पुदिना.
एकदा निम्मा सोडा ओतला.
अम्मा म्हणाली, नाकात भांडण लागलं.
पण पेला रिकामा केला.

दोन वर्षं झाली, तिचं कार्ड बंद आहे.
खोकला, आणि डोळ्यांना पान दिसेना.
सुपात आता ज्वारी पाखडते.
तरी लिंबाला हात नाही.
मीच कापायचं, मीच पिळायचं,
ती खाटेवरून: मीठ?

काल अशोक चौकातून चालत आले.
रिक्षा नव्हती, डांबर चपलेला धरत होतं,
डोळ्यांपुढे पिवळं पिवळं.
दार ढकललं आणि भिंतीला टेकले.
काही बोलता येईना.

तिने विचारलं नाही.
उठली. डेऱ्यात तांब्या बुडाला.
मग गुळाचा खडा फुटल्याचा आवाज,
मग ढवळणं, मुकं,
मुकं,
मग स्वच्छ.
लिंबू पिळलं तिने. मुठीत, सबंध.
बी पडलं असावं, कारण ती थांबली,
चमचा शोधला,
सापडला नाही बहुतेक.

पेला हातात दिला आणि समोर उभी राहिली.
काय बघलालीस? पी.

प्याले.
आंबट, गोड, मिरीची ठिणगी,
आणि सगळ्यांच्या खाली, अगदी तळाशी,
तपकिरी, कडसर, ओळखीचं काहीतरी,
जे मी जन्मल्यापासून
तिच्या कुशीत श्वासाने घेतलं होतं,
पण जिभेवर कधीच नाही.

तंबाखू लागते का गं? तिने विचारलं.
दोन्ही हात पदराखाली.

मीठ कमी आहे, मी म्हटलं.

खरंच कमी होतं.
ती आत गेली, चिमूट घेऊन आली,
आणि यावेळी
बोटांनीच सोडली.