चारशे ग्रॅम

मोम्बासात कंटेनर म्हटलं
की लोक बंदराकडे बोट दाखवतात.
माझे त्यांतले नाहीत, मी सांगते.
माझ्यांना गंज चढत नाही, क्रेन लागत नाही,
एक मेला तर त्याच नावाचा दुसरा उठून कामाला लागतो,
रडायला कुणी थांबत नाही.
मामा म्हणतो, मग ते कंटेनर कसले,
ती भुतं झाली.

चहाच्या गोदामामागची खोली.
एसीखाली बादली,
आणि कपाटाएवढं ते जुनं मशीन.
त्याच्या पोटात सत्याऐंशी सालापासून
पोत्यांची वजनं, बिलं, जहाजांच्या तारखा, पगार
सगळं एकाच चुलीवर शिजतंय.
पगाराला शिंक आली की बिलांना ताप.
आम्हाला हुकूम आहे : वाटण्या करा.
ज्याची त्याची चूल वेगळी,
ज्याचं त्याचं बिऱ्हाड पाठीवर, विंचवासारखं,
केपटाऊनच्या ढगात उतरा नाहीतर डब्लिनच्या,
उतरल्या जागी संसार सुरू.
ढगाला पत्ता असतो
हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

चार हजार तीनशे बाराव्या ओळीवर
कोबोलच्या गर्दीत एकच स्वाहिली शब्द :
उसिगुसे.
हात लावू नकोस.
खाली आज्ञा : गोदाम तीन असेल
तर दर पोत्यामागे चारशे ग्रॅम वाढव.
का, ते लिहिलेलं नाही.

ओकुमू म्हणाला, आहे तसं उचल, चेपकिरुई.
जुन्याचा आकडा नव्याशी ग्रॅमला ग्रॅम जुळला पाहिजे,
चूक असेल तर चूकही जुळली पाहिजे.
जुळत होता.
म्हणूनच मला झोप येईना.

काझुंगू चारो हल्ली किलिफीला काजूची झाडं राखतात.
मटाटूनं आले, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं.
मशीनच्या पाठीवर थाप मारली,
आधी त्याच्याशी बोलले, मग माझ्याशी.
ओळ वाचली. चष्मा पुसून परत वाचली.
"तीन नंबरचा काटा. लॉरी मागे घेताना
कुणीतरी ठोकला. पोत्यामागे चारशे ग्रॅम कमी दाखवायचा.
नवा मागितला, साहेब म्हणाले पुढच्या वर्षी.
मग मी तो इथून सरळ केला."

ओकुमूनं रजिस्टर काढलं.
काटा भंगारात गेला, दोन हजार तीन, मार्च.
जागी नवा आला. बिनचूक.

म्हणजे इतकी वर्षं
आम्ही बिनचूक काट्यावर चारशे ग्रॅम चढवत होतो,
नसलेल्या चहाचे पैसे मोजत होतो,
आणि वर्षाअखेर माल कमी भरला
की त्या खड्ड्याला हिशेबात एक नाव होतं :
धूळ.

काझुंगू इतके हसले की बशीत चहा सांडला.
मग गप्प झाले. बोटानं काचेवर तो शब्द झाकून धरला.
"मला विचारायला कुणी आलं नाही," म्हणाले,
"पण लिहिलं मीच होतं ना, हात लावू नकोस."
आणि थोड्या वेळानं :
"काढ."

पुढे मालकांना पत्र, तीन बैठका, वकील,
ते पुराण नको.
आज्ञा काढली. शब्द ठेवला.
नव्या घरात, वजनांच्या खणात
उसिगुसे,
आणि खाली काहीच नाही.
ओकुमू म्हणतो, हा शुद्ध मूर्खपणा आहे.
असेल.

शनिवारी रात्री दोनला बिऱ्हाड हललं.
सकाळी सहापर्यंत गंगेत घोडं न्हालं.
मशीनचं बटण मी दाबलं. पंखा
लगेच थांबला नाही, जरा रेंगाळला.
मग बादलीतला थेंब
पहिल्यांदाच ऐकू आला.

दारात रात्रपाळीचा म्विन्यी, हातात ओले मोजे.
मागच्या जाळीवर हात ठेवून म्हणाला,
"ही गार कशी? काम बंद?"
काम चालू आहे, मी म्हटलं, ढगात गेलं.
त्यानं खिडकीतून वर पाहिलं,
मग मोज्यांकडे.
"तिथे वाळतील का?"