घनफूट

वास्कोहून इनासियो आला, हातात फीत,
आणि आमच्या वस्तूंना पहिल्यांदाच कुणी
घनफुटांनी हाक मारली.
कपाट : बत्तीस. जेवणाचं टेबल : एकोणीस.
सर्वानंद मागोमाग वही घेऊन,
नेऊया, विकूया, देऊया, असे तीन रकाने.
मी चौथा आखला. त्याला नाव दिलं नाही.

डनेडिनला दोन खोल्या आहेत,
भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा,
आणि एक हीटर, ज्याचा फोटो
घरमालकिणीनं मुद्दाम पाठवलाय.
इनासियो म्हणाला, हांगाचें लांकूड उदक पियेता, बाय.
थंय ताका तान लागतली.

टेबल पर्वरीच्या एका पोरानं घेतलं, त्याच्या कॅफेसाठी.
विचारलं, अँटिक आहे ना?
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं, घासाघीस करून घेतलेलं.
हो म्हटलं.

खाटेखाली पिवळा भुगा सापडला, चिमूटभर.
तिकडे लाकडातून जिवंत काही नेता येत नाही,
तपासतात, जाळतातसुद्धा.
रात्री उशाला कान लावला :
कुर्र, थांबा, कुर्र.
इतकी वर्षं आमच्याच डोक्याशी जेवत होता,
आणि आम्ही एकमेकांना विचारायचो,
दात कोण खातंय?

मैथिली नऊ वर्षांची. तिची यादी निराळी :
पंख्याचं खटखट वाजणारं बटण
आणि दारापुढचा सोपो.
अगं, तो चिऱ्यांचा, भिंतीतूनच निघालेला.
मग त्यावर आपण रोज बसतो ते काय?
इनासियोनं हसला नाही. वाकून फीत लावली,
लांबी, रुंदी, उंची,
चव्वेचाळीस, म्हणाला, आनी घर वेगळें.

राहिलं कपाट.
फणसाचं. भिसो च्यारीनं आमच्या लग्नाआधी केलेलं.
पायांवर वीतभर उंचीला एक रेघ आहे,
वाळवंटी एका रात्री बाजारातून आत शिरली
ती इथवर चढली होती. तिथं पॉलिश धरत नाही.
वरच्या कप्प्यात जमिनीचे कागद आणि पोरीचं जावळ
कोरडं राहिलं.
इनासियोनं रेघेवरून बोट फिरवलं
आणि लिहिलं : डॅमेज, आधीपासून.

जूनमध्ये ते फुगतं. मग चार महिने
उजवं दार लागत नाही,
आम्ही वेताची खुर्ची टेकू लावून ठेवतो.
त्या खुर्चीवर पावसाळ्यात कुणी बसत नाही.
पाहुणे आले तरी ती ड्युटीवर असते.
सर्वानंद म्हणाला, तिथं दार फुगणारच नाही, बघ.
त्याला वाटलं, मला बरं वाटेल.

दोन दिवस भांडलो. कपाटाचं भाडं
नव्या कपाटाच्या दीडपट निघालं
आणि मी गप्प झाले.
शेजारच्या सुलक्षाला दिलं. तिच्या दीराची चार माणसं
ते आडवं करून घेऊन गेली,
दारं दोरीनं बांधून.
खुर्ची मात्र मी चौथ्या रकान्यात लिहिली.
साडेसात घनफूट, इनासियो म्हणाला, एकटीच?
एकटीच.

आता इथं आम्ही गालिच्यावर बसून जेवतो,
हीटरकडे पाय करून.
सामान अजून समुद्रात आहे,
सिंगापूर सोडलं म्हणतात.
काल रात्री उशिरा सुलक्षाचा फोन,
मागं पत्र्यावर इतका आवाज की
ती ओरडूनच बोलत होती :
अगो, उजवें दार लागना!
तूं किदें लायतालें?

मी म्हटलं, खुर्ची.
खंयची गो?
मी सांगितलं नाही.
फातर लाव म्हटलं, जड बघून.